लडाखच्या खडकांत समुद्राचा तळ कसा शोधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लडाखला जाऊन आलेली मंडळी फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते : ‘हा हिरवा दगड म्हणजे समुद्राचा तळ ना?’ उत्तर कधी हो असतं, कधी नाही, आणि बहुतेक वेळा ‘नुसत्या फोटोवरून सांगता येणार नाही’ असं असतं. ते का, हे इथे सविस्तर लिहिलं आहे. उदाहरणं बहुतेक सगळी सिंधू नदीच्या आसपासची आहेत, कारण भारतात हा विषय शिकायला त्याहून चांगली जागा नाही.

हिमालयात समुद्री जीवाश्म सापडतात. मग समुद्राचा तळ तिथे होता हे आधीच सिद्ध नाही का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपल्या देवघरातला शाळिग्राम गंडकीच्या पात्रातून येतो. पुष्कळ शाळिग्रामांत अमोनाइट या समुद्री प्राण्याचं कवच असतं. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रातच साचलेला. पण हे समुद्र भारतीय खंडाच्या बुडालेल्या काठावरचे होते. त्यांच्या खाली खंडाचंच कवच होतं, जसं आज कोकण किनाऱ्यापुढच्या उथळ पाण्याखाली आहे.

आपण शोधतोय तो खरा महासागरी तळ, म्हणजे मध्य-सागरी पर्वतरांगेत फुटलेला बेसॉल्ट, त्याखालचा गॅब्रो (तोच मॅग्मा आत सावकाश गोठून झालेला जाड कणांचा खडक) आणि त्याखालचं प्रावरण, म्हणजे कवचाच्या खालचा थर (मँटल). हे कवच सरासरी सहा-सात किलोमीटर जाडीचं आणि खंडाच्या कवचापेक्षा जड असतं, त्यामुळे ते बहुतेक सगळं परत पृथ्वीच्या पोटात जातं. म्हणून तर आजच्या मोठ्या महासागरांत साधारण १८ कोटी वर्षांपेक्षा जुना तळ फारसा उरलेलाच नाही. त्याआधीच्या महासागरांचं जे काही हाती लागतं ते डोंगरांत अडकलेल्या तुकड्यांतून, आणि हे तुकडे बहुधा चांगलेच भाजलेले, दाबलेले, मळलेले असतात.

लडाखमध्ये हा तळ नेमका कुठे आहे?

भारत आणि आशिया यांच्यामध्ये निओ-टेथिस नावाचा महासागर होता. ‘टेथिस’ हे नाव एडुआर्ड स्यूस यांनी १८९३ मध्ये दिलं. भारत उत्तरेकडे सरकत गेला तसा हा तळ आशियाखाली गेला, आणि शेवटी दोन खंड भिडले. जिथे भिडले तो पट्टा म्हणजे इंडस सूचर झोन, आपण त्याला सिंधू सांधेपट्टा म्हणू. तो लडाखमध्ये द्रास-कारगिलकडून शेरगोल, लामायुरू, लेहच्या दक्षिणेकडून न्योमाच्या दिशेने जातो आणि पुढे तिबेटात शिरतो.

या पट्ट्यात सगळं एकाच प्रकारचं नाही. द्रासचे खडक हे मुख्यतः महासागरातल्या ज्वालामुखी बेटांच्या माळेचे आहेत. निदारला महासागरी तळाचा जवळजवळ सलग छेद आहे. शेरगोलला खोल दबून परत आलेले निळे शिस्ट (पापुद्र्यांचे रूपांतरित खडक) आहेत. आणि स्पोंगटांगचा ओफिओलाइट, म्हणजे जमिनीवर आलेला महासागरी तळाचा तुकडा, तर पट्ट्याच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर, झंस्करच्या चुनखडकांच्या डोक्यावर जाऊन बसला आहे. उत्तरेला लेहच्या मागे दिसतात ते ग्रॅनाइटचे डोंगर म्हणजे आशियाच्या काठाखाली तळ जात असताना वर वितळून आलेला मॅग्मा. लेहच्या राजवाड्यावरून समोर पाहिलं की हा सगळा भूगोल एका नजरेत येतो, फक्त तो वाचता यायला हवा.

ओफिओलाइट म्हणजे काय?

महासागरी कवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा जमिनीवर आलेला तुकडा. १९७२ च्या पेनरोझ परिषदेत त्याची पाठ्यपुस्तकी व्याख्या ठरली : तळाशी पेरिडोटाइट (प्रावरणाचा खडक), मग गॅब्रो, मग एकमेकांना चिकटून उभ्या डाइकांचा (भेगांत भिंतीसारख्या गोठलेल्या मॅग्माचा) थर, मग पिलो लाव्हा (पाण्याखाली उशांच्या आकारात गोठलेला लाव्हा), आणि सगळ्यात वर खोल समुद्रातला चर्ट (सिलिकाचा कठीण खडक). सायप्रसमधलं ट्रूडोस आणि ओमानमधलं सेमाइल ही त्याची नमुनेदार उदाहरणं.

निदार तितकं आज्ञाधारक नाही. त्सो मोरिरीच्या बाजूने सिंधूकडे चालत निघालात तर आधी पेरिडोटाइट आणि सर्पेंटिनाइट (पाणी शिरून बदललेला पेरिडोटाइट) लागतं, मग गॅब्रो, मग लाव्हा आणि लाल चर्ट. क्रम बरोबर आहे, पण उभ्या डाइकांचा नीट विकसित थर मात्र मिळत नाही. विद्यार्थी यावरून ‘मग हा ओफिओलाइट नाहीच’ असं म्हणून मोकळे होतात. तसं नाही. व्याख्येतला प्रत्येक थर प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. क्रम आणि थरांमधले संपर्क कसे आहेत हे जास्त महत्त्वाचं.

रूपांतर झाल्यावर मूळ खडक ओळखता कसा येतो?

रूपांतर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने खडक बदलणं. त्यात खनिजं बदलतात, पण सगळंच पुसलं जात नाही. बेसॉल्ट कमी तापमानाला भाजला की क्लोराइट, एपिडोट, ॲक्टिनोलाइट तयार होऊन तो हिरवा पडतो. जास्त तापला की अँफिबोलाइट होतो. थंडच राहिला पण प्रचंड दाबला गेला तर ग्लॉकोफेन येऊन निळसर होतो, आणि त्याहून खोल गेला की गार्नेट-ओम्फासाइटचा एक्लोजाइट. चारही वेळा एकूण रासायनिक घडण बेसॉल्टचीच राहते, पाणी तेवढं आत-बाहेर होतं. पेरिडोटाइटमध्ये पाणी शिरलं की सर्पेंटिनाइट होतो, त्याचा टाल्क-शिस्टही होऊ शकतो. खोल समुद्रातल्या चर्टचा पातळ थरांचा क्वार्ट्झाइट होतो, आणि त्यासोबतच्या चिखलात मँगनीज असेल तर त्यात बारीक गुलाबी गार्नेट दिसतात. चिखलाचा अभ्रकी शिस्ट होतो.

आकारही टिकतात. पिलो लाव्हाच्या उशा चपट्या होतात, ताणल्या जातात, तरी त्यांच्या कडेची काचेसारखी गोठलेली किनार वेगळ्या रंगाच्या पट्टीच्या रूपाने बऱ्याचदा उरते. उशीचा वरचा भाग फुगीर आणि खालचं टोक दोन उशांच्या फटीत घुसलेलं असतं. तेवढ्यावरून थर सुलटा आहे की पालथा हे कळतं. ही एक गोष्ट नकाशात नोंदली नाही तर पुढचं सगळं उलटं वाचलं जाऊ शकतं.

पण एक शिस्टचा तुकडा हातात घेऊन ‘हा महासागरी’ असं म्हणायची घाई करू नये. माझ्या मते या विषयात तुकड्यापेक्षा शेजार बोलतो. हिरव्या शिस्टला लागून सर्पेंटिनाइट आहे का, त्यावर पातळ थरांचा क्वार्ट्झाइट आहे का, त्यांच्यातला संपर्क निक्षेपाचा (एकावर एक साचल्याचा) आहे की विभंगाचा (खडक तुटून सरकल्याचा), हे नकाशावर मांडल्याशिवाय कुठल्याही खडकाचं मूळ ठरत नाही.

नकाशा प्रत्यक्षात कसा करतात?

चालत. याला अजून पर्याय निघालेला नाही.

सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा टोपोशीट असतो. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. ओफिओलाइटसारख्या गुंतागुंतीच्या ठिकाणी एवढ्याने भागत नाही, मग मोठ्या प्रमाणावर काम करतात. हातोडा, दहापट दाखवणारं भिंग, ब्रंटन किंवा क्लायनोमीटर (थरांची दिशा आणि कल मोजायची साधनं), जीपीएस, पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक साधा चुंबक एवढी सामग्री. खडकांच्या पट्ट्यांना आडवं कापत ओढ्या-नाल्यांतून वर चढायचं, कारण नाल्यात ताजा खडक उघडा पडलेला असतो. प्रत्येक ठिकाणी खडकाचं नाव, खनिजं, पत्रणाचा (खडकातल्या पापुद्र्यांचा) कल आणि दिशा, रेषाकृती, घड्यांचे अक्ष, आणि संपर्क कसा आहे ते वहीत. मग दोन ओढ्यांमधल्या कड्यावर तीच रेषा पुढे जाते का, ते बघत जायचं.

लडाखमध्ये माती-झाडोरा जवळपास नाही, त्यामुळे समोरच्या डोंगरावरचे रंग दुरून वाचता येतात. पेरिडोटाइट हवेने तांबूस-नारिंगी पडतो, सर्पेंटिनाइट काळपट हिरवा आणि तुळतुळीत, चर्ट विटकरी. अडचण होते ती घसरलेल्या दगडांच्या उतारांची. शंभर मीटर वरून घरंगळत आलेला गॅब्रो ‘जागेवरचा’ म्हणून नकाशात गेला की संपर्करेषा नको तिथून वळते. खडक मूळ जागी आहे याची खात्री पटेपर्यंत मोजमाप लिहू नये.

आणि होकायंत्राबद्दल. सर्पेंटिनाइट तयार होताना ऑलिव्हिन या पेरिडोटाइटमधल्या खनिजातल्या लोहापासून मॅग्नेटाइट बनतो. काही ठिकाणी तो एवढा असतो की सुई भरकटते. म्हणून तिथे दोन-चार पावलं सरकून माप पुन्हा घ्यायचं, किंवा दूरच्या ओळखीच्या शिखराचा कोन टोपोशीटशी पडताळायचा. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

उपग्रहाच्या चित्रांवरून होत नाही का?

आधी बघायला उत्तम. ॲस्टर किंवा सेंटिनेल-२ च्या चित्रांत सर्पेंटिनाइट, कार्बोनेट, ग्रॅनाइट यांचे पट्टे बऱ्यापैकी वेगळे करता येतात, आणि कुठल्या नाल्यात जायचं ते घरी बसून ठरतं. पण पालथी उशी उपग्रहाला दिसत नाही.

शेरगोलचा निळा खडक एवढा प्रसिद्ध का?

कारण तो महासागरी खंदकाची खूण आहे. ग्लॉकोफेन आणि लॉसोनाइट ही खनिजं सोबत असणं म्हणजे खडक खूप खोल गेला पण तेवढा तापला नाही. असं होतं ते थंड महासागरी तळ भराभर खाली ढकलला जातो तिथे, म्हणजे अधोगमन क्षेत्रात. जपानच्या अकिहो मियाशिरो यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं की असा उच्च दाबाचा पट्टा आणि त्याला समांतर उच्च तापमानाचा पट्टा जोडीने येतात. लडाखमध्ये शेरगोल-सापीचे निळे शिस्ट आणि उत्तरेचे ग्रॅनाइट ही तशीच जोडी म्हणता येईल.

शेरगोलला लाव्हापासून आणि ज्वालामुखी राखेपासून बनलेले निळे शिस्ट चर्ट आणि थोड्या चुनखडकाबरोबर मिसळलेले आहेत. त्यांतल्या बेसॉल्टची रासायनिक ओळख साध्या मध्य-सागरी बेसॉल्टपेक्षा सागरी बेटांच्या बेसॉल्टकडे झुकते. म्हणजे इथे दबला गेला तो सपाट तळ नसून समुद्रातला एखादा बुडालेला ज्वालामुखी असावा. ग्लॉकोफेनचं वय मध्य-क्रिटेशियस, साधारण दहा कोटी वर्षांच्या आसपास निघतं. तेव्हा भारत अजून खूप दक्षिणेला होता, दोन खंडांची टक्कर दूरच.

कारगिल-लेह रस्त्यावरून जाणारे मुलबेखची मैत्रेयाची मूर्ती बघायला थांबतात आणि शेरगोलला न थांबता पुढे जातात. रस्त्याकडेला पाच मिनिटं काढावीत.

त्सो मोरिरीजवळचा एक्लोजाइट, तो तर नक्कीच समुद्राचा तळ?

नाही! हा सगळ्यात चांगला फसवणारा खडक आहे, म्हणून जरा सावकाश.

त्सो मोरिरी सरोवर सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या आणि पुगाच्या आसपास नीस या पट्टेदार रूपांतरित खडकाच्या विस्तृत भागात एक्लोजाइटच्या गडद गाठी आहेत. मूळच्या पट्ट्या ताणून तुटल्यामुळे त्यांना असा आकार आला. डेहराडूनच्या वाडिया संस्थेतल्या बरुण मुखर्जी आणि हिमांशु सचान यांनी २००१ मध्ये इथल्या गार्नेटच्या आत कोएसाइट असल्याचं प्रसिद्ध केलं. कोएसाइट हा क्वार्ट्झचाच अतिदाबाचा अवतार. त्याला साधारण २७-२८ किलोबार दाब लागतो, म्हणजे ९० ते १०० किलोमीटर खोली. वर येताना कोएसाइटचं क्वार्ट्झ होतं, ते फुगतं, आणि भोवतालच्या गार्नेटला किरणांसारख्या भेगा पाडतं. सूक्ष्मदर्शकाखाली या भेगांवरूनच शंका येते.

आता एवढ्या खोल गेलेला बेसॉल्टी खडक म्हटल्यावर महासागरी तळ हेच पहिलं अनुमान. पण नकाशा वेगळं सांगतो. या गाठी सर्पेंटिनाइट-चर्टच्या सोबतीने नाहीत, तर ग्रॅनाइटी नीसच्या पोटात आहेत. त्याच भागात पोलोकोंगका ला इथला ग्रॅनाइट सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ऑर्डोव्हिशियन निघाला. हे सगळं भारतीय खंडाचं कवच आहे. एक्लोजाइट म्हणजे त्या कवचात घुसलेले बेसॉल्टी डाइक आणि सिल (थरांना समांतर घुसलेला मॅग्मा). अनेक संशोधक त्यांचा संबंध पर्मियन काळातल्या काश्मीरच्या पंजाल ट्रॅप या लाव्हाच्या खडकांशी जोडतात. म्हणजे टेथिस उघडत होता तेव्हाचा हा खंडावरचा मॅग्मा, आणि टेथिस मिटताना भारताच्या पुढच्या काठाबरोबर तो खाली ओढला गेला.

म्हणून एक्लोजाइट मिळाला की समुद्र मिळाला असं होत नाही. एक्लोजाइट दाब सांगतो. मूळ सांगायला त्याचा शेजार लागतो. पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातल्या मंडळींनीही या एक्लोजाइटांवर काम केलं आहे. त्यांतले ‘ॲटॉल गार्नेट’, म्हणजे मध्ये पोकळ होऊन दुसऱ्या खनिजांनी भरलेली गार्नेटची कडी, बघण्यासारखी आहेत.

मग खरा महासागरी भाग आणि हा खंडाचा भाग यांच्यात सीमा कुठे आखायची?

त्सो मोरिरी घुमटाच्या उत्तर काठावर, सुमदोच्या बाजूला, झिलदाट मेलांज नावाचा गोंधळलेला पट्टा आहे. मेलांज म्हणजे मऊ सर्पेंटिनाइट आणि चिखलाच्या खडकात वेगवेगळ्या मुलुखांतले लहान-मोठे ठोकळे : चुनखडक, बेसॉल्ट, चर्ट. इथे थर शोधत बसू नये, ते नाहीतच. नकाशात आधार-खडक एका रंगाने भरायचा आणि मोठे ठोकळे त्यावर वेगळ्या खुणांनी दाखवायचे. चुनखडकाचा ठोकळा सरळ रेषेने पुढच्या चुनखडकाला जोडून देखणा पट्टा काढण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

आपल्या दख्खनचा बेसॉल्ट आणि समुद्रतळाचा बेसॉल्ट, दोन्ही काळेच. फरक कसा कळतो?

डोळ्यांनी नाही कळत. प्रयोगशाळेत कळतो, आणि तेही योग्य मूलद्रव्यं निवडली तर. सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम ही रूपांतराच्या वेळी पाण्याबरोबर इकडेतिकडे जातात, त्यांच्यावर विसंबलं की फसगत ठरलेली. टायटॅनियम, झिर्कोनियम, इट्रियम, नायोबियम, थोरियम आणि विरल मृदा मूलद्रव्यं बऱ्यापैकी जागेवर राहतात. जूलियन पिअर्स आणि जो कॅन यांनी १९७३ मध्ये याच ‘न हलणाऱ्या’ मूलद्रव्यांच्या आलेखांवरून बेसॉल्टचं जन्मस्थान ओळखायची पद्धत मांडली.

नेहमीच्या मध्य-सागरी बेसॉल्टमध्ये हलकी विरल मृदा मूलद्रव्यं कमी असतात, दख्खनच्या लाव्ह्यात त्यांचं प्रमाण जास्त. अधोगमनाच्या वर तयार झालेल्या बेसॉल्टमध्ये नायोबियम कमी पडतं आणि थोरियम वाढतं. लडाखच्या ओफिओलाइटांत ही अधोगमनाची छटा वारंवार दिसते, म्हणजे यांतला बराच तळ उघड्या महासागराच्या मधोमध न बनता एखाद्या बेटांच्या माळेच्या आसपास बनला.

दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिला, तेव्हा लडाखकडचा महासागर अजून मिटायचा होता. आपला बेसॉल्ट मात्र रूपांतरित नाही. पुण्या-नाशिकच्या खाणींतले झिओलाइट हे पोकळ्यांतून फिरलेल्या पाण्याचं काम.

वय कसं काढतात?

दोन वेगळी वयं असतात आणि ती मिसळू नयेत. एक, तळ तयार झाला ते. त्यासाठी गॅब्रोतल्या किंवा त्यासोबतच्या फिकट प्लॅजिओग्रॅनाइटमधल्या झिरकॉनचं युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढतात. स्पोंगटांगच्या तळाचं असं वय सुमारे १७.७ कोटी वर्षं आलं, आणि त्यावरच्या बेटमाळेच्या खडकांचं सुमारे ८.८ कोटी. चर्ट असेल तर तो पातळ हायड्रोफ्लुओरिक आम्लात झिजवून रेडिओलेरिया या समुद्री एकपेशीय जीवांचे सूक्ष्म सांगाडे बाहेर काढतात. निदारचे रेडिओलेरिया क्रिटेशियसच्या पूर्वार्धातले आहेत. (हे आम्ल हाडापर्यंत जातं. घरी किंवा कॉलेजच्या उघड्या टेबलावर कधीही वापरू नका.)

दुसरं वय रूपांतराचं : गार्नेट, अभ्रक किंवा रूपांतरात वाढलेल्या झिरकॉनच्या कडेवरून.

गोव्यात असं काही आहे का?

आहे, पण काळ फार वेगळा. डिचोली, सांग्याच्या खाणींतलं लोहखनिज ज्या पट्टेदार लोहखडकांतून आलं, ते धारवाड काळातल्या समुद्रात साचलेले आणि नंतर सौम्य रूपांतर झालेले आहेत. समुद्राचं पाणी होतं हे नक्की, महासागरी कवच होतं का हा वेगळा प्रश्न. पिलो लाव्हा बघायचा असेल तर कर्नाटकात चित्रदुर्गजवळ मरडीहळ्ळीला जा. ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तिथे हातोडा चालवायचा नाही.

हे सगळं आधी कोणी पाहिलं?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फर्डिनांड स्टोलिच्का १८६० च्या दशकात या भागात फिरले. १८७४ मध्ये यार्कंदहून परतताना लडाखमध्येच त्यांचा मृत्यू झाला, समाधी लेहला आहे. १९३६ मध्ये स्विस भूशास्त्रज्ञ ऑगुस्टो गान्सर यात्रेकरूचा वेश करून कैलासापर्यंत गेले आणि तिथे, याच सांधेपट्ट्याच्या तिबेटातल्या भागात, ओफिओलाइटचे खडक नोंदवून आले. प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत यायला तेव्हा तीस वर्षं बाकी होती.

विद्यार्थ्यांनी जायचं ठरवलं तर?

जून ते सप्टेंबर. लेहला (सुमारे ३,५०० मीटर) उतरल्यावर किमान दोन दिवस काही करू नका. पहिल्याच दिवशी खारदुंग ला गाठणारे गट नंतर तंबूत पडून राहतात. सीमेजवळच्या भागांचे परवाना-नियम बदलत असतात, निघण्याआधी लेहच्या प्रशासनाकडे खात्री करा. अभयारण्यात आणि सरोवरांच्या काठी नमुने उचलू नका, आणि चांगपा गुराख्यांच्या कुरणांतून जाताना विचारून जा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे छापील काम ‘भूकोश’ संकेतस्थळावर पाहता येतं. ते आधी वाचून जा, पण जुन्या नकाशातली रेषा जशीच्या तशी उतरवू नका.

अजून काय ठरलेलं नाही?

टक्कर नेमकी कधी झाली हे एक. पुष्कळांचं मत पाच ते साडेपाच कोटी वर्षांच्या आसपास आहे, पण त्याहून बरीच उशिराची तारीख मांडणारेही आहेत. दुसरा वाद असा की भारत थेट आशियाला भिडला की आधी महासागरातल्या बेटमाळेला. स्पोंगटांग भारताच्या काठावर कधी चढला, या प्रश्नावर त्याचं बरंच काही अवलंबून आहे. एक गट क्रिटेशियसच्या अखेरीचं नाव घेतो, दुसरा त्यानंतरच्या इओसीन काळाचं. दोघेही त्याच डोंगरातल्या त्याच संपर्करेषेकडे बोट दाखवतात. ओफिओलाइटखालचे सगळ्यात तरुण चुनखडक त्याच्यासोबत चिरडले गेलेत की नंतर विभंगाने त्याच्याखाली आलेत, हे तिथे पुन्हा चालत जाऊन तपासावं लागेल.